कॅरनचा सडा

किनव्हारा सोडलं, समुद्र मागे पडला आणि रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना ओली हिरवी कुरणं होती आणि त्यांच्यामधून गडगे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड रचलेला. आमच्या राजापुराकडचे गडगे जाड, बुटके आणि जांभ्याचे. इथले एकेरी, एका दगडाच्या जाडीचे. मधल्या फटींतून पलीकडचं आभाळ दिसतं. वाऱ्याला अडवायचं नाही, जाऊ द्यायचं, म्हणजे भिंत टिकते, असा त्यामागचा हिशेब. समोर मात्र हिरवं संपून राखाडी सुरू झालं होतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उघड्या दगडाचा डोंगर, त्याला आडव्या पायऱ्या पडलेल्या.

गाडी भाची चालवत होती. ती गॉलवेच्या एका इस्पितळात डॉक्टर आहे. समोरून येणारा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून तर्जनी तेवढी वर करायचा, आणि हीही करायची.

"ओळखीचा?"

"नाही रे मामा. इथे असंच. बोट नाही उचललं तर रात्री पबमध्ये विचारतील, कोण होते ते उद्धट."

आम्ही चाललो होतो क्लेअर परगण्यातल्या कॅरन नावाच्या पॅरिशमध्ये. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आधाराने बांधलेला मुलूख. वसईच्या नि गोव्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत 'बरन' नावाचा चुनखडीचा प्रदेश आहे, त्याच्या पठारावर हे कॅरन वसलंय. वसलंय म्हणजे एक पब, एक चर्च, काही घरं, आणि मग मैलोन्‌मैल दगड. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. बरन बघायला लोक मे महिन्यात येतात, निळीभोर जेन्शियन फुलं दगडांतून वर येतात तेव्हा. मला फुलांपेक्षा गुरं बघायची होती. ती ऑक्टोबरअखेरीस डोंगरावर चढतात.

पॅरिशची शीव ओलांडली की पहिली जागा लागते ती कीलहिला. रस्त्याकडेला गाडी लावून समोरच्या कड्याकडे चालत निघालो. इथे पायाखाली जमीन म्हणावी असं काही नसतं. सपाट, गुळगुळीत दगडी लाद्या आणि दोन लाद्यांमध्ये हात-दीड हात खोल चिरा. वाकून एका चिरेत पाहिलं. वर बोचरा वारा सुटलेला, आत मात्र वाऱ्याचं नाव नाही, ओल भरपूर. जिभेसारख्या लांब पानांचं एक नेचं तिथे मजेत वाढलेलं. त्याच्या शेजारी हेझलचं एक रोप होतं. ते चिरेच्या तोंडापर्यंत वाढलं होतं आणि तिथून पुढे वाऱ्याने त्याला आडवं वळवलं होतं. पलीकडच्या चिरेत गोगलगायींचे रिकामे शंख. ही चुनखडी सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताजवळच्या उथळ, उबदार समुद्रात साठली. पुढे हिमयुगातल्या बर्फाने तिच्यावरचं सगळं खरवडून नेलं, आणि नंतरच्या पावसाने तिला विरघळवत या चिरा पाडल्या. आमचा कातळ पाणी वर धरून ठेवतो. पावसाळ्यात सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जागोजागी डबकी साचतात, त्यांत सीतेची आसवं फुलतात. हा दगड पाणी पिऊन टाकतो. आभाळ दिवसातून चार वेळा गळतं आणि वर ओढा-नदी जवळजवळ नाहीच. पाण्याचा सगळा संसार पोटात.

कड्याच्या पायथ्याशी हेझलचं दाट रान आहे. पानं पिवळी पडून निम्मी खाली आली होती. रानात एका पडक्या प्रार्थनाघराच्या भिंती, एक झरा, आणि वर कड्यात माणूस जेमतेम अंग दुमडून बसेल एवढी गुहा. इथे सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराला संत कोलमन तप करत राहिला, असं परंपरा सांगते. त्याला सोबत तिघांची: कोंबडा त्याला प्रार्थनेसाठी उठवायचा, उंदीर डुलकी लागू द्यायचा नाही, आणि माशी पोथीतल्या ज्या ओळीवर वाचन थांबलं तिथे बसून राहायची. शिवाय एक सेवक. ईस्टरचा दिवस उजाडला, चाळीस दिवसांचा उपास संपला, आणि सेवकाने गाऱ्हाणं मांडलं: तुमचं ठीक आहे, मला भूक लागलीय. तिकडे किनव्हाऱ्याजवळ ग्वारे राजाच्या वाड्यावर मेजवानीची पानं मांडली होती. कोलमनने प्रार्थना केली, तशी ती ताटं भरल्या अन्नासकट उडाली आणि डोंगर ओलांडून इथे उतरली. राजा सरदारांसह घोड्यावरून पाठलाग करत आला, तर घोड्यांचे खूर दगडाला चिकटले. ते 'ताटांच्या वाटे'वरचे ठसे अजून दाखवतात.

कथा आपल्याकडे असती तर इथेच संपली असती. राजा शरण आला, जयजयकार झाला. आयरिश माणूस मात्र पुढचंही सांगतो. एवढ्या उपासानंतर सेवक त्या जेवणावर असा तुटून पडला की खाऊन खाऊन मेला. त्याचं थडगंही तिथे जवळच आहे. संताची चेष्टा नाही आणि चमत्काराचा दरारा नाही. कोणाच्याही घरात घडावी अशी गोष्ट, तशीच सांगितलेली.

झऱ्यावर नाणी, जपमाळा आणि झुडपाला बांधलेल्या चिंध्या होत्या. आमच्या गावच्या राखणदाराला नारळ नि विडी चालते, इथे चिंध्या. हे मला काही नवं नव्हतं.

कॅरनला पोचेपर्यंत पाऊस सुरू झाला. गावातला एकमेव पब उंचवट्यावर आहे. एके काळी ही इमारत पोलीस ठाणं होती. तिच्या काचेतून खाली एक मोठं ताट पसरल्यासारखी खोलगट जमीन दिसते, आणि तिच्यात पाणी चढत होतं. याला इथे टर्लॉख म्हणतात. उन्हाळ्यात हे गुरांचं कुरण असतं. पाऊसकाळ लागला की जमिनीतल्या भोकांतून पाणी वर येतं, आठवड्या-दोन आठवड्यांत तळं तयार होतं आणि वसंतात त्याच भोकांतून परत जातं. कॅरनचा टर्लॉख आयर्लंडमधल्या मोठ्या टर्लॉखांपैकी एक. राजापूरची गंगा दर तीनेक वर्षांनी प्रकटते आणि तिच्या येण्याला आपण यात्रा भरवतो. इथलं पाणी दरसाल येतं, म्हणून त्याचं कौतुक कुणी करत नाही. गुरं बाहेर काढली की नाही एवढंच विचारतात.

पाऊस थांबल्यावर काठापर्यंत उतरून गेलो. गडगे सरळ पाण्यात शिरले होते आणि पलीकडून बाहेर निघाले होते. पाण्याखाली गेली म्हणून मालकी थोडीच बुडते! कोरड्या राहिलेल्या भिंतींवर एका ठरावीक उंचीपर्यंत काळंकुट्ट शेवाळ होतं, हाताला खरखरीत लागणारं. त्याच्या वर दगड स्वच्छ. हे शेवाळ जिथवर तिथवर पाणी चढतं. पूररेषेचा याहून सोपा नकाशा नाही. आपल्याकडे पूररेषा कागदावर असते आणि घरं तिच्या आत.

आम्ही एका शेतकरी कुटुंबाच्या घरी उतरलो होतो. बाई सत्तरीच्या, आणि भाची त्यांना सरळ नावाने हाक मारत होती. माझ्या तोंडून नुसतं नाव निघेना; काकू-मावशीशिवाय वडीलधाऱ्या बाईशी बोलायची जिभेला सवय नाही. शेवटपर्यंत मी त्यांना हाक मारायचं टाळून, समोर जाऊन उभा राहूनच बोललो. चहाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचे रिवाज तंतोतंत जुळले. पहिल्यांदा विचारल्यावर नको म्हणायचं, दुसऱ्यांदा "उगाच त्रास कशाला" म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचा. मी हे सगळं बरोबर केलं तेव्हा बाईंना माझ्याबद्दल आदर वाटू लागला असावा. सोबत सोडा घातलेला तपकिरी पाव, लोण्याचा बोटभर थर, आणि रात्री खारवलेल्या डुकराच्या मांसासोबत कोबी नि उकडलेले बटाटे. बटाट्यांवर जेवणभर चर्चा झाली. सालं फुटून पांढरं पीठ बाहेर आलं पाहिजे, चिकट बटाटा म्हणजे फसवणूक. घाटावरून आणलेल्या हापूसबद्दल आमच्या घरी ज्या स्वरात बोलतात तोच स्वर.

बटाट्याच्या मागे काय आहे हे त्या घरात कुणी बोललं नाही, पण उन्हाळ्यात या देशाचं हवामानखातं आजही बटाट्यावरच्या करप्याचा इशारा प्रसारित करतं. १८४५ ला तो करपा पहिल्यांदा आला. पुढच्या सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. क्लेअर परगण्याची लोकसंख्या १८४१ मध्ये २,८६,३९४ होती. दहा वर्षांनी २,१२,४४०. त्यानंतरही लोक जातच राहिले. २०२२ च्या जनगणनेत ती सव्वा लाखाच्या थोडी वर भरली. म्हणजे दीडशेपेक्षा जास्त वर्षं उलटून आजही निम्मी नाही. कॅरनच्या रस्त्यांवर जो मोकळेपणा पाहून पर्यटक सुखावतात, तो निसर्गाने दिलेला नाही. हेझलच्या जाळीत शिरलं की घरांची जोती सापडतात, एखादी चूल, आणि वाट नसलेल्या ठिकाणी दार. कोकणातल्या मुंबईकरांच्या बंद घरांना निदान गणपतीत कुलूप उघडणारं कुणी असतं.

याच दुष्काळाच्या सर्वांत वाईट वर्षी, सप्टेंबर १८४७ मध्ये, मायकल क्युसॅक कॅरनमध्ये जन्मला. त्याचं बैठं दगडी घर आता दुरुस्त करून लोकांना पाहायला ठेवलंय. शाळामास्तर झालेल्या या माणसाने १ नोव्हेंबर १८८४ ला टिपरेरीतल्या थर्ल्स गावी एका हॉटेलात काही मंडळी जमवून गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन केली. इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत, आपलं काठी-चेंडूचं हर्लिंग नि आपला फुटबॉल खेळायचा. टिळकांनी गणपती रस्त्यावर आणला त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. आणि रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी बेळगावात होमरूल लीग काढली ती एप्रिल १९१६ च्या त्याच आठवड्यात, जेव्हा डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता.

क्युसॅकच्या संघटनेचं खरं बळ मला वेगळ्या गोष्टीत दिसलं. तिने संघ बांधले ते पॅरिशवार. जिथे जन्मलात तिथून खेळायचं. पैसे मिळत नाहीत. डब्लिनच्या ब्याऐंशी हजार प्रेक्षकांच्या मैदानावर अंतिम सामना खेळलेला गडी सोमवारी वर्गात शिकवायला किंवा गाई पिळायला हजर असतो. क्लेअरने २०२४ मध्ये हर्लिंगचं अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलं, त्याचे झेंडे अजून खांबांवर होते. भगवा आणि निळा. मी थबकून पाहिलं तेव्हा भाची म्हणाली, "मामा, निवडणूक नाहीये."

पॅरिशच्या आत टाऊनलँड. आपल्या वाडीपेक्षा जरा वेगळी चीज. वाडी ही घरांची, टाऊनलँड जमिनीचा, घर असो-नसो. अख्ख्या बेटावर असे एकसष्ट हजारांच्या आसपास तुकडे आहेत. कॅरनमधले काही: टर्मन, पूलाकॅरन, मेगाह, फही, क्रीव्हाह. १८२४ पासून ब्रिटिश लष्कराच्या सर्वेक्षण विभागाने मैलाला सहा इंच या प्रमाणात त्या सगळ्यांचे नकाशे काढले. कारण अर्थातच सारा. मोजणीसाठी कर्नल कोल्बीने धातूच्या ज्या खास पट्ट्या बनवल्या, त्या जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन पाहून आला आणि तशाच हिंदुस्थानात घेऊन आला. म्हणजे कॅरनचे गडगे ज्या तंत्राने कागदावर उतरले, त्याच तंत्राने आपला देश मोजला गेला. पुढच्या दशकात विंगेट आणि गोल्डस्मिड इंदापूर तालुक्यात शेतं मोजत होते. फरक एवढा की आमच्या शेतांना नंबर मिळाले, इथे नावं राहिली. यजमानीणबाईंचा पत्ता विचारला तर त्या आजही टाऊनलँड सांगतात, आणि टपालवाल्याला तो पुरतो.

टाऊनलँडाचा आणखी एक उपयोग त्यांच्याकडूनच कळला. वर्षातून एकदा पाद्री चर्च सोडून कुणाच्या तरी घरी प्रार्थना करतो, आळीपाळीने. कॅथलिकांवर बंधनं होती त्या काळापासूनची ही चाल. यंदा पाळी या घराची होती. त्यासाठी बैठकीची खोली रंगवली, अंगणातली खडी बदलली, नवे कप आले, आणि नंतर सगळ्या टाऊनलँडाला न्याहारी. शिमग्यात पालखी घरी यायची तेव्हा माझी आई आठ दिवस आधी अंगण चोपायला घ्यायची. देवाला रंगाशी काही देणंघेणं नसतं, शेजारणीला असतं.

सकाळी न्याहारीच्या वेळी जिल्ह्याच्या रेडिओवर निधनवार्ता लागल्या. नाव, टाऊनलँड, पॅरिश, अंत्यदर्शन किती वाजता. बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. एका नावावर त्या उठल्या, पाव भाजायला टाकला आणि म्हणाल्या, संध्याकाळी जाऊन यायला हवं. मयताला ओळखत नव्हते, पण त्याच्या बहिणीचा दीर आमच्याकडे एकदा ट्रॅक्टर दुरुस्त करून गेला होता.

गुरं चढायचा दिवस स्वच्छ निघाला. इथल्या गुराखीपणाला 'विंटरेज' म्हणतात आणि तो जगाच्या उलटा आहे. आल्प्सपासून हिमालयापर्यंत गुरं उन्हाळ्यात वर जातात, थंडीत खाली येतात. बरनमध्ये ऑक्टोबरअखेर वर जातात आणि एप्रिलमध्ये व्यायला खाली येतात. कारण तो दगड. उन्हाळाभर तापलेली चुनखडी सावकाश निवते. पाणी झिरपून जात असल्याने वर चिखल होत नाही. आणि चिरांमधल्या गवतात चुन्याचा अंश असल्याने गाईची हाडं मजबूत राहतात. खालची कुरणं मात्र हिवाळ्यात लिबलिबीत होतात.

या सुमाराला इथे एक समारंभच असतो. शेतकरी आपली गुरं वर नेतो आणि बाकीचं पॅरिश, शिवाय आमच्यासारखे आगंतुक, मागून चालतात. मलई रंगाच्या थोराड गाई, बरोबर मुलं, कुत्रे, काठ्या, एक बाबागाडीसुद्धा. पुढची म्हातारी गाय फाटक उघडायच्या आधीच वाटेला लागली होती. तिला कुणी हाकत नव्हतं. उभ्या दगडी पायरीशी येऊन तिने खाली मान घालून हुंगलं, पुढचा एक खूर चिरेच्या अलीकडे, दुसरा पलीकडे ठेवला आणि एवढं धूड अल्लद वर चढवलं. मागच्या कालवडीला ते जमेना. ती आडवी उभी राहिली, मग मागून येणारीने शिंगाने ढोसलं आणि तीही गेली. मी मात्र दोनदा बसून उतरलो.

माझ्याबरोबर चालणारा साठीचा शेतकरी बोलका होता. त्याने बुटाने पिवळं वाळकं गवत बाजूला केलं आणि खालची बारीक हिरवी पानं दाखवली. या गाईंनी हिवाळाभर हे वाळकं ओरबाडून खाल्लं, हेझलचे कोंब मोडले, तरच मे महिन्यात फुलांना ऊन मिळतं. गुरं हटवली की पाच-सात वर्षांत झुडपं सगळं गिळतात. आयर्लंडमधल्या देशी वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास जाती या एवढ्याशा दगडात सापडतात. आर्क्टिकची फुलं आणि भूमध्य समुद्राकाठचं ऑर्किड शेजारी शेजारी. आणि हे सगळं सांभाळतात कोण, तर या गाई. आपल्याकडे कासच्या पठारावर कुंपण घातलं, चराई थांबली आणि फुलं कमी झाल्याची ओरड झाली. तो वाद आठवला.

इथे २००५ पासून शेतकऱ्यांना बरोबर घेऊन प्रयोग झाले आणि पुढे एक साधी पद्धत ठरली. दरसाल कुरणाची पाहणी करून दहापैकी गुण द्यायचे आणि गुणांप्रमाणे पैसे. फुलं हेही शेतातलं पीकच, या हिशेबाने. "माझ्या या तुकड्याला आठ मिळाले," तो म्हणाला. "पलीकडच्याला सहा. तपासायला आलेली पोरगी म्हणाली, हेझल वाढलंय. मी म्हटलं, गाईंना समजावून सांग." पैसे उशिरा येतात ही तक्रार त्याने केली, तेव्हा मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

दुपारी पूलनाब्रोनच्या अश्मयुगीन थडग्यापाशी गेलो. दोन बाजूंना उभ्या शिळा आणि वर चारेक मीटर लांबीची तिरकी छतशिळा. पोस्टकार्डावर असतं तेच. पर्यटकांची बस आली, फोटो निघाले, बस गेली. एका शिळेला तडा गेल्यामुळे १९८६ आणि १९८८ मध्ये ॲन लिंच यांनी इथे उत्खनन केलं. आत इसवी सनापूर्वी ३८०० ते ३२०० या काळातल्या तीसहून जास्त माणसांची हाडं मिळाली. एका पुरुषाच्या कमरेच्या हाडात दगडी बाणाचं टोक रुतलेलं होतं. अनेकांचे सांधे ओझी वाहून झिजलेले. आणि एक सहा महिन्यांचा मुलगा. २०२० मध्ये त्याच्या हाडातल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्याला डाउन सिंड्रोम होता. तो आईच्या दुधावर होता, हेही हाडांनी सांगितलं. गावातल्या सगळ्यांना इथे जागा मिळत नव्हती, निवडक लोकांनाच. त्यांत हा होता. भाची मुलांची डॉक्टर. ती त्या फलकासमोर बसवाल्यांपेक्षा जास्त वेळ उभी होती.

ही माणसं आली तेव्हा बरनवर पाइन आणि हेझलचं रान होतं, दगडांवर माती होती. त्यांनी नि त्यांच्या वंशजांनी झाडं तोडली, गुरं चारली, आणि माती हळूहळू चिरांत वाहून गेली. मग त्यांनी उरलेल्या दगडावर कसं जगायचं ते शोधून काढलं. कहेरकमॉन हा दरीच्या कड्यावरचा तिहेरी तटाचा कोट पाहताना तेच दिसतं. हार्वर्डच्या पथकाने १९३४ मध्ये तो खणला. नवव्या शतकातल्या कुणा मातब्बराचं हे ठाणं असावं, आणि आत मिळालेली हाडं बहुतेक सगळी गाईगुरांची. त्या काळच्या आयरिश कायद्यात दंड नि मोबदला गाईंत मोजत. जवळच टर्मनमध्ये बाराव्या शतकातलं छोटं देऊळवजा चर्च आहे, भिंतीतून माणसांचे दगडी चेहरे बाहेर डोकावतात. त्यांच्यासमोरही गाईच चरत होत्या.

क्रॉमवेलचा सरदार एडमंड लडलो १६५१ मध्ये इथून गेला. माणूस बुडवायला पाणी नाही, टांगायला झाड नाही, पुरायला माती नाही, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. हे वाक्य बरनच्या प्रत्येक पुस्तिकेत असतं. गंमत अशी, की पुढे त्यानेच नोंदवलंय की इथली गुरं चांगली पोसलेली आहेत, कारण दगडांमधलं गवत गोड आहे. ते सहसा कुणी छापत नाही. आमच्या सातबाऱ्यावर सड्याची नोंद 'पोटखराबा' अशी असते. एकदा ते नाव पडलं की मग तिथे काहीही आणायला कार्यालयं मोकळी. रिफायनरीच्या निमित्ताने बारसूच्या सड्यावरून रान पेटलं तेव्हा तिथली कातळशिल्पं सगळ्यांना आठवली; त्याच सड्यावर पावसाळ्यात गुरं चरतात, हे बातमीत आलं नाही.

कॅरनच्या आग्नेयेला मुल्लखमोर नावाची टेकडी आहे. तिचे थर पिळून घडी घातल्यासारखे दुमडलेत. १९९१ च्या सुमाराला सरकारने तिच्या पायथ्याशी पर्यटन केंद्र बांधायचं ठरवलं. गावं दुभंगली. नोकऱ्या हव्या असणारे एकीकडे, जागा तशीच राहू द्या म्हणणारे दुसरीकडे. जॉन ओ'डोनोहू हा इथलाच लेखक-पाद्रीही विरोध करणाऱ्यांत होता. कोर्टात गेले, सरकार हरलं, पुन्हा अर्ज झाले, आणि शेवटी २००० मध्ये परवानगी नाकारली गेली. अर्धवट बांधलेलं पाडून टाकलं. पाहायला गेलात तर तिथे काही नाही. नोकऱ्या हव्या होत्या त्यांना मी चूक म्हणणार नाही. क्लेअरच्या जनगणनेचे आकडे पाहिल्यावर ते म्हणणं कठीण आहे.

रात्री पबमध्ये सकाळचाच शेतकरी भेटला. कोपऱ्यात फिडल नि कॉन्सर्टिना चालू होते. वाजवणारे एकमेकांकडे न बघता वाजवत होते, आणि लोक ऐकता ऐकता बोलत होते. आपल्याकडे हा बैठकीचा अपमान ठरला असता, इथे तो पाहुणचार. पलीकडच्या टेबलावर पोरांच्या संघाची जुळवाजुळव चालली होती. पंधरा भरत नव्हते. शेजारच्या पॅरिशबरोबर एकत्र खेळावं की नाही, यावर आवाज चढले होते. एक म्हातारा म्हणाला, त्यांच्याबरोबर खेळण्यापेक्षा नऊजण खेळवा.

शेतकऱ्याने मला विचारलं, "तुमच्याकडे दगडावर गुरं कधी नेता?"

"पावसात. चार महिने. नंतर गवत वाळून जातं."

"मग?"

"पेंढा. पण आता गुरंच कमी राहिलीत. पोरं मुंबईला."

"मग त्या दगडावर आता काय होतं?"

"आंबे."

त्याने ग्लास खाली ठेवला. "दगडात?"

"सुरुंग लावून खड्डा करतात. माती बाहेरून ट्रकने आणतात, भरतात आणि कलम लावतात. एकेका सड्यावर हजारो."

"माती विकत आणून दगडात भरतात," त्याने सावकाश म्हटलं, आणि खुर्ची वळवून, संघावरून भांडणाऱ्या त्या सगळ्या टेबलाला हाक मारली, "अरे, जरा इकडे या, हा माणूस काय सांगतोय ते ऐका!"